एचपीचा प्रश्न

"२५ एचपी पुरेल ना?" बर्फ काढायला छोटा ट्रॅक्टर शोधणाऱ्या एकाचा आजचा प्रश्न. दिवसभर डोक्यात घोळतोय, कारण त्यात टायरचा उल्लेखच नाही.

लॉनचे (हिरवळीसाठीचे, उथळ नक्षीचे) टायर बर्फावर जागच्या जागी फिरतात, एचपी कितीही असो. टायरवर चेन हवी, मागे वजन हवं. पुढे लोडर (माल उचलायची बादली) असेल तर मागची चाकं हलकी होतात, मग वजन हवंच हवं.

बर्फ ढकलायचं ब्लेड स्वस्त आणि झटपट, पण बर्फ नुसता बाजूला सरकवतं. कडेचे ढीग गोठत जातात आणि हिवाळा संपेपर्यंत वाट अरुंद होते. ब्लोअर बर्फ आत ओढून लांब फेकतो. मागच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे) चालणारा घेतला तर मात्र उलटं जायचं, मान वळवून. (मानेचा विचार कोणी करत नाही.) हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (तेलाच्या दाबावर चालणारं, गिअर न बदलता वेग कमी-जास्त करणारं) असलं की पीटीओ पूर्ण वेगात ठेवून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी नेता येतो.

खडीच्या वाटेवर ब्लोअर दोन-तीन सेंटिमीटर वर राहील असे स्किड शू (खालच्या घसरपट्ट्या) लावायचे. तरी दगड अडकतोच आणि शिअर पिन (मुद्दाम कमजोर ठेवलेली खीळ) तुटते. ती तुटण्यासाठीच असते! तिच्या जागी कडक बोल्ट ठोकला की पुढचा बळी गिअरबॉक्स.

तेव्हा एचपी नंतर. आधी सांगा, वाट डांबरी की खडीची?