काम तुमचं, नाव साहेबांचं: तुम्ही विचारलंत म्हणून

'साहेबांना स्वतःला काम येत नाही, पण मी केलेलं काम वर आपल्या नावावर खपवतात. काय करू?' हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा साहेबांचं पितळ उघडं पाडण्याची युक्ती हवी असते. ती इथे नाही, कारण पितळ उघडं पडलं म्हणून तुमचं नाव आपोआप पुढे येत नाही. वरच्यांच्या लक्षात राहतं ते एवढंच की या विभागात भांडणं आहेत.

काम वर पोचल्यावर श्रेय परत मागून मिळत नाही. जे करायचं ते काम आपल्या हातून सुटण्याआधी करायचं. त्याआधी हिशेब मात्र नीट मांडा. विभागाचं काम वर मांडणं ही साहेबांची नोकरीच आहे. 'आमच्या टीमने केलं' म्हणून ते थांबत असतील तर ती चोरी नव्हे. 'मी बसून काढलं' म्हणत असतील, किंवा फाइलवरचं तुमचं नाव खोडून पुढे पाठवत असतील, तर गोष्ट वेगळी. शिवाय आपलं केलेलं आपल्याला जास्तच आठवतं. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना घरातल्या कामांत आपला वाटा किती, हे वेगवेगळं विचारलं, तर बऱ्याच जोडप्यांची बेरीज पूर्णाच्या वर गेली.

हेच साहेबांनाही लागू आहे. १९८९ मध्ये ब्राउन आणि मर्फी यांनी केलेल्या प्रयोगात लोकांनी गटात आळीपाळीने उदाहरणं सुचवली. मागाहून स्वतःची तेवढी आठवायला सांगितल्यावर त्यांत दुसऱ्यांचीही आली, आणि ती लबाडीने नव्हे. म्हणजे सोमवारी चहा पिताना तुम्ही सांगितलेली कल्पना गुरुवारी साहेबांना मनापासून स्वतःची वाटू शकते. म्हणून महत्त्वाची कल्पना आधी तोंडी सांगायची नाही. सांगून गेलीच, तर त्याच दिवशी मेल टाकायचा: 'सकाळी बोललो त्याप्रमाणे, परताव्याच्या तक्रारी वेगळ्या रांगेत घ्याव्यात असा माझा प्रस्ताव आहे. कारण दोन आहेत…' चार-पाच ओळी पुरतात. सूर नेहमीचा, कामाचा. पुरावा गोळा करत असल्याचा वास आला की मेलचा उपयोग संपला.

फाइलच्या बाबतीत लोक भलत्याच गोष्टीवर विसंबतात. 'एक्सेलच्या गुणधर्मांत ऑथर म्हणून माझं नाव आहे ना!' असतं, पण मजकूर नव्या फाइलमध्ये चिकटवला की तिथे नवं नाव येतं. गूगल डॉक्समधला आवृत्त्यांचा इतिहास मूळ फाइलपाशीच राहतो. कोणी प्रत काढली की प्रतीत तो येत नाही. गिट, म्हणजे प्रोग्रामच्या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, ऑथर (बदल लिहिणारा) आणि कमिटर (तो नोंदवणारा) वेगळे नोंदवते खरं, पण ते उघडून बघणारे वर कोणी नसतात. तेव्हा नाव अशा जागी ठेवा जिथे ते वाचणाऱ्याच्या उपयोगाचं असेल. पहिल्या पानावरचं नाव सहज उडतं. शेवटच्या शीटवर 'पद्धत आणि गृहीतकं' असं शीर्षक द्या, आकडे कुठून आणि कोणत्या तारखेपर्यंतचे घेतले, काय वगळलं आणि का, ते लिहा, आणि खाली 'शंकांसाठी संपर्क' म्हणून आपलं नाव टाका. ते सहसा कोणी खोडत नाही. साहेबही नाही, कारण खोडलं तर शंका त्यांच्याकडे येतील, आणि काम न येणाऱ्या साहेबांना शंकांइतकी धास्ती कशाचीच नसते.

ही धास्तीच तुमच्या कामाची आहे. साहेबांना एकट्याला गाठून विचारा, 'पुढच्या आढाव्यात पाचवी ते आठवी स्लाइड मी मांडू का? तपशिलाचे प्रश्न आले तर तिथल्या तिथे उत्तर देता येईल.' यात तक्रार नाही, मागणी नेमकी आहे आणि साहेबांची सोय आहे. 'तुम्ही माझं श्रेय घेता' या वाक्याला उत्तर म्हणून फक्त नकार मिळतो. 'हो' म्हणून ऐनवेळी टाळलं, तर पुढच्या आढाव्याआधी पुन्हा विचारा, या वेळी मेलवर. तडकले तर तिथेच थांबा, आणि काय बोलणं झालं ते तारखेसह लिहून ठेवा.

बैठकीत सगळ्यांसमोर तुमचं काम त्यांच्या तोंडून ऐकायची वेळ आली, तर 'हे मी केलं' म्हणू नका. भर घाला: 'सर म्हणाले त्यात एक जोडते. पहिले दोन महिने आपण वगळलेत, कारण तेव्हा नोंदणीची पद्धत बदलली होती. ते धरले तर वाढ फुगून दिसते.' काय टाकून दिलं आणि का, हे ज्याने काम केलं त्यालाच ठाऊक असतं, आणि ऐकणाऱ्यांना ते लगेच समजतं. दोन-तीन वाक्यं बोलायची आणि गप्प बसायचं. लांबवलं की ती चढाओढ दिसते.

मुद्दाम माहिती दडवून साहेबांना तोंडघशी पाडायचा मोह होईल. आवरा. श्रेय वर जातं तसं खापर खाली येतं, आणि आकडा चुकला की तो 'कोणी काढला' हे त्या दिवशी साहेबांना बरोबर आठवतं. साहेबांच्या वरिष्ठांना गुपचूप बीसीसी, म्हणजे इतरांना न दिसणारी मेलची प्रत, पाठवण्याचंही तेच. त्यांनी 'सर्वांना उत्तर' दाबलं की सगळं उघड. आणि पुरावा म्हणून ऑफिसच्या फाइली स्वतःच्या खासगी मेलवर पाठवणं हा सरळ गोपनीयतेचा भंग आहे. त्यात नोकरी तुमची जाते, साहेबांची नाही.

त्याऐवजी नोंदवही ठेवा. शुक्रवारी निघण्याआधी दहा मिनिटं. तारीख, काम, कोणी सांगितलं, त्यात निर्णय माझा कोणता, फरक किती पडला, आणि मूळ मेल कोणत्या तारखेचा. 'निर्णय माझा कोणता' हा रकाना सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा. राबण्याला आभार मिळतात, बढती निर्णयांकडे बघून मिळते. गोपनीय आकडे त्यात नकोत. 'वेळ निम्म्यावर आला' इतकं बास.

याचा उपयोग वार्षिक मूल्यमापनात होतो, कारण स्वमूल्यमापनाचा रकाना हीच अधिकृत कागदावरची तुमची हक्काची जागा. तिथे भिडस्तपणाने 'प्रकल्पात सहभाग घेतला', 'साहाय्य केलं' असं लिहून लोक स्वतःच साहेबांना मोकळं रान देतात. 'मी तपासणीचा क्रम बदलला, त्यामुळे परत येणारी प्रकरणं घटली' असं लिहा. आपण केलं तेवढंच, पण कर्ता स्पष्ट ठेवून. साहेबांचा शेरा याच्याशी जुळला नाही, तर ती विसंगती लेखी राहते.

वर जायचं ते तेव्हाच, जेव्हा श्रेयाच्या चोरीने श्रेणी, पगार किंवा बढती अडते. जाण्याआधी एक शोधा: या साहेबांना या जागी आणलं कोणी? ज्यांनी आणलं त्यांच्याकडेच गेलात, तर तुमची तक्रार त्यांच्या निवडीवरचा ठपका ठरते आणि ते बचावाला उतरतात. मनुष्यबळ विभागही 'कल्पना कोणाची' याचा निवाडा करत बसत नाही. त्यांना प्रक्रियेतली चूक दिसावी लागते. म्हणून एका पानावर तीन प्रसंग, प्रत्येकाची तारीख, तुमचा मेल, साहेबांनी पुढे काय पाठवलं, आणि शेवटी एकच मागणी: मूल्यमापनात दुसऱ्या वरिष्ठाचंही मत घ्यावं. साहेबांच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नको.

अंतर्गत बदली हा चांगला मार्ग, पण अशा साहेबांना तुम्हाला सोडणं परवडत नाही. 'तुझ्याशिवाय चालणार नाही' हे ते केबिनमध्ये वारंवार म्हणतात, कागदावर कधी नाही. बदलीला त्यांची संमती लागते का, हे आधी नियमांत वाचा. लागत असेल, तर जिथे जायचंय तिथल्या प्रमुखाशी आधी बोलून घ्या आणि त्यांच्याकडून मागणी येऊ द्या. सोबत, तुमचं काम सांभाळायला दुसरं कोणीतरी तयार ठेवा. 'माणूस नाही' हे कारणच उरू नये. बाहेर जाणार असाल तर संदर्भासाठी साहेबांचं नाव देऊ नका. तुमचे तक्ते वापरणारे दुसऱ्या विभागातले लोक, शंका विचारायला थेट तुम्हालाच फोन करणारे, त्यांची नावं द्या. विचारा मात्र आधी, आणि नोकरीत असतानाच.