यातला तुमचा प्राणी कोणता?

खेळ संपल्यावर प्रेक्षक बाहुल्या जवळून पाहायला येतात आणि हटकून विचारतात, "यातला तुम्ही केलेला प्राणी कोणता?" हत्ती, जिराफ, लांडगा, माकड, बगळा आणि कासव असे सहाही प्राणी आम्ही पाच जणांनी मिळून केले, हे मी दर वेळी सांगतो, तरी "हो, पण तुमचा कोणता?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

एकेक प्राणी एकेकाने वाटून घेतला, तर सहा चांगल्या बाहुल्या होतात, पण त्या एका गोष्टीतल्या वाटत नाहीत. म्हणून आम्ही कामे अवयवांवार वाटली : डोळे एकाने केले, वेताचे सांगाडे आणि सांधे दुसऱ्याने, कापड तिसऱ्याने बेतले. सगळ्यांची बुबुळे किंचित नाकाकडे झुकवली, कारण ती अगदी सरळ बसवली तर प्राण्याचे डोळे नुसते उघडे असतात, तो कुठे पाहत नाही. प्रमाणही जाणूनबुजून मोडले. खऱ्या मापाने कासव हत्तीपुढे दिसलेच नसते. जपानच्या बुनराकु परंपरेत एका बाहुलीचे डोके आणि उजवा हात एकाकडे, डावा हात दुसऱ्याकडे आणि पाय तिसऱ्याकडे असतात. केप टाउनच्या हँडस्प्रिंग या बाहुल्या करणाऱ्या कंपनीने २००७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी केलेला घोडाही तिघे मिळून चालवतात. तो घोडा कोणाचा, असे विचारून काय हाती लागणार?

इथवर मी ठामपणे बोलतो. जिराफापाशी मात्र अडखळतो.

डोकी आमच्यातल्या एकीकडे होती. आराखडा आणि वजनाचा हिशेब माझ्याकडे. जिराफाचे डोके तिने कागदाच्या लगद्याचे केले. तीन आठवडे ती थर चढवत होती, वाळवत होती, पॉलिश पेपरने घासत होती. ओठांच्या कडेला तिने इतकी बारीक घडी घेतली होती, की तो नुकताच पाला चावता चावता थांबला आहे असे वाटे. डोके भरले ९०० ग्रॅम. मुठीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर, मानेच्या टोकाला, ते मनगटाला पेलवेना. वजन तेवढेच असले तरी ते मुठीपासून जितके लांब, तितका मनगटावरचा ताण जास्त. तालमीत चौथ्या मिनिटाला चालवणाऱ्याचा हात थरथरू लागला आणि शांत, उंच जिराफ भेदरलेला दिसू लागला. मुठीमागे वजन बांधून पाहिले. तोल सावरला, पण एकूण भार वाढून खांदा भरून आला.

खेळाला दोन दिवस उरले होते. ती घरी गेली होती. तिला फोन न करता मी त्या रात्री ते डोके करवतीने मधोमध कापले, त्याचा आकार फोमवर उतरवून घेतला आणि पहाटेपर्यंत २५० ग्रॅमचे नवे डोके तयार केले. सकाळी ती आली. टेबलावरचे दोन अर्धे भाग उचलून तिने एकमेकांना जुळवून पाहिले, त्यांचे कान सोडवले आणि एक शब्दही न बोलता नव्या डोक्यावर बसवले. त्यानंतर तिने आमच्यासाठी एकही डोके केले नाही.

बाहुली कोणा एकाची नसते, तेव्हा परवानगी कसली मागायची, असे मी त्या वेळी सगळ्यांना ऐकवले होते. आज वाटते, ते तत्त्व मी सोयीने वापरले. डोक्याची ४०० ग्रॅमची मर्यादा मी आराखड्याच्या कोपऱ्यात लिहिली होती, तिला तोंडाने सांगितली नव्हती; चूक माझी होती आणि करवत तिच्या कामावर चालली. तरीही, मी फोन केला असता आणि ती नाही म्हणाली असती, तर मी थांबलो असतो का? थांबायला हवे होते का? जिराफ त्या खेळात शेवटपर्यंत स्थिर चालला, हेही खरेच आहे. याबाबतीत माझे माझ्याशीच अजून पटत नाही.

तर जिराफाची कवटी माझी, मान एकाची, डोळे दुसऱ्याचे आणि कान तिचे. ते कान अधूनमधून सैल होतात. चिकटवायचे सामान माझ्या पेटीतच असते, पण मी हात लावत नाही. तिला निरोप धाडतो आणि ती येईपर्यंत जिराफ तसाच टांगून ठेवतो.