तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेलर कसा निवडायचा?

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "आम्हीपण ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं म्हणतोय. त्यात काय काय असायला हवं?" तिथे नीट उत्तर देता येत नाही, मागच्यांचं लक्ष पुऱ्यांवर असतं. म्हणून इथे सांगते.

दुकानात ट्रेलर उघडून ठेवलेला असतो. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत, पूर्ण बाहेर, दिवे लावलेले, सोफ्यावर उशा. पण प्रवासात ती आतच असते, म्हणून विक्रेत्याला सांगा, स्लाइड आत घ्या. मग शिरून बघा, बाथरूमपर्यंत पोचता येतं का? फ्रिज उघडतो का? आमचा पहिला ट्रेलर इथेच नापास झाला. डॅलसहून ग्लेशियर नॅशनल पार्कला निघालो होतो, सासूबाई सोबत. रेस्ट एरियात त्यांना जायचं असलं की आधी भिंत बाहेर काढा, आणि शेजारी कुणी ट्रक लावलेला असला की तेही शक्य नाही. दहीभात फ्रिजमध्ये, आणि फ्रिजपुढे सोफा.

मग वजन. "आमचा ट्रक दहा हजार पौंड ओढतो," असं सगळे अभिमानाने सांगतात. पण ओढण्याआधी पेलायचं असतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्यावर, येतो. ट्रेलर ६,००० पौंडांचा असेल तर ६०० ते ९०० पौंड. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लेबल असतं, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते सांगणारं. आमच्या ट्रकला १,५०० होतं. आम्ही पाच जण साडेसातशे, हिचवर साडेसातशे. संपलं! नवऱ्याचा जनरेटर घरीच राहिला.

असंच लेबल ट्रेलरलाही असतं. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की तीनशेतीस पौंड गेलेच. खोटी शेकोटी आणि दुसरी स्लाइड हवीच असेल तर घ्या, पण त्यांचं वजन तुमच्या सामानाच्या वाट्यातून जातं. शेकोटीबद्दल माझं मत विचारू नका.

लांबीवरून घरोघरी वाद होतात. ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या घाटात २१ फुटांहून लांब वाहनाला बंदी आहे, ट्रक-ट्रेलर मिळून. त्यामुळे अगदी छोटा घेतलात तरी तो कँपवर सोडूनच वर जायचंय.

टाक्या बघताना सगळे पिण्याच्या पाण्याची विचारतात. तुम्ही सांडपाण्याची विचारा. पश्चिमेकडच्या बऱ्याच सरकारी मोकळ्या जमिनींवर १४ दिवस फुकट राहता येतं. आम्ही अ‍ॅरिझोनात चौथ्या दिवशी गाशा गुंडाळला. तीन वेळचा स्वयंपाक, कढई, तवा, पाच ताटं. संडासाची टाकी अर्धीसुद्धा नव्हती, भांड्यांच्या पाण्याची काठोकाठ.

आणि फोडणी. शेगडीवरचा पंखा हवा खरंच बाहेर टाकतो की जाळीतून फिरवून तुमच्याच तोंडावर सोडतो, ते बघा. मोहरी तडतडायच्या आत आमचा धुराचा अलार्म केकाटायचा.

दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी मी दुकानात पाच लिटरचा कुकर घेऊनच गेले. शेगडीवर ठेवला, वरच्या मायक्रोवेव्हपर्यंत शिट्टी उचलायला जागा आहे का पाहिलं. पहिल्या तीन मॉडेलमध्ये नव्हती. चौथ्यात विक्रेत्याने स्वतःच कुकर उचलून ठेवला आणि बाजूला झाला.