बोधकथेतून गाळलेली ओळ

कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे 16 पानी मासिक गेली सहा वर्षे मी संपादित करते. संपादन हा तसा मोठा शब्द झाला. सभासदांचे वाढदिवस, सहलीचा हिशोब, रक्तदाब तपासणीची तारीख आणि श्रद्धांजली यांची जुळणी करायची आणि शेवटच्या पानावर एक बोधकथा टाकायची, एवढेच ते काम आहे. सहलीच्या हिशोबासाठी मला खजिनदारांच्या मागे लागावे लागते, बोधकथा मात्र न मागता येतात. पहाटे साडेपाचपासून व्हॉट्सॲपवर त्यांची रीघ लागते, आणि बहुतेकींच्या शेवटी "डोळ्यांत पाणी आले तर पुढे पाठवा" अशी आज्ञा असते.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांतली एक जशीच्या तशी छापली. स्कॉटलंडमधला एक गरीब शेतकरी दलदलीत बुडणाऱ्या मुलाला वाचवतो. मुलाचे श्रीमंत वडील उपकाराची फेड म्हणून शेतकऱ्याच्या मुलाचा शिक्षणाचा खर्च उचलतात. तो शेतकऱ्याचा मुलगा म्हणजे पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग, आणि दलदलीतून वाचलेला मुलगा म्हणजे विन्स्टन चर्चिल, ज्यांचा न्यूमोनिया पुढे त्याच पेनिसिलिनने बरा झाला. अंक घरोघरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्या संघाचे एक वयोवृद्ध डॉक्टर सभासद फोनवर होते. मी 34 वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे ते मला बाई म्हणतात. "बाई, चर्चिलना पेनिसिलिन दिलेच नव्हते. एम अँड बी 693 दिले होते. माझ्या वडिलांच्या दवाखान्यात त्या गोळ्यांची बाटली असायची. मी स्वतः पुड्या बांधल्या आहेत."

मराठीच्या शिक्षिकेला हे माहीत असण्याचे कारण नव्हते, पण छापण्यापूर्वी विचारण्याची बुद्धी व्हायला हवी होती. मग मी शोधायला बसले आणि त्या गोष्टीचा एकेक टाका उसवत गेला. डिसेंबर 1943 मध्ये तेहरान परिषदेनंतर चर्चिल ट्युनिशियात न्यूमोनियाने आजारी पडले होते, आणि त्यांना खरोखर सल्फा गटातले ते औषध दिले गेले. मोरान आणि बेडफर्ड या आपल्या दोन डॉक्टरांनाच ते थट्टेने एम अँड बी म्हणत. फ्लेमिंग यांचे वडील ह्यू शेतकरी होते हे खरे, पण अलेक्झांडर सात वर्षांचे असतानाच ते वारले. मुलगा लंडनला गेला, त्याने चार वर्षे एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी केली, आणि नंतर एका काकांच्या वारशाचे पैसे हाती आल्यावर 1901 मध्ये तो वैद्यकीय शिक्षणाला लागला. दलदलीची गोष्ट फ्लेमिंग यांच्या हयातीतच प्रचलित होती आणि ती दंतकथा असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते.

मला चुकीपेक्षाही टोचले ते निराळेच. बोधकथा सुटसुटीत व्हावी म्हणून तिच्यातून कोण कोण बाहेर काढले गेले होते, हे मी मोजू लागले. ज्याच्या पैशावर शिक्षण झाले तो काका गेला. कचेरीतली चार वर्षे गेली. 1928 मध्ये फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण दिसला, पण तिच्यापासून माणसाला टोचता येईल असे औषध करणारे ऑक्सफर्डमधले फ्लोरी आणि चेन, ज्यांच्यासह 1945 चे नोबेल पारितोषिक विभागून दिले गेले, तेही गेले. उरला एक उपकार आणि त्याची व्याजासकट परतफेड. सत्कर्माचा असा चोख हिशोब आयुष्यात कुणाला लागलेला मी तरी पाहिलेला नाही. आमच्या सहलीचासुद्धा लागत नाही.

तेव्हापासून कुठलीही प्रेरणादायी गोष्ट हाती आली की ती खरी की खोटी हे ठरवण्याआधी तिच्यातून काय गाळले गेले असावे, याचा मी अंदाज घेते. पैसा कुठून आला, मधली वर्षे कुठे गेली, सोबतची माणसे कोण होती आणि नशिबाचा भाग किती होता, या चारांपैकी काहीतरी हटकून गायब असते, आणि शोध तिथून सुरू केला की तो लवकर संपतो.

अमेरिकेने अंतराळात चालणारे पेन बनवण्यासाठी करोडो डॉलर उधळले आणि रशियाने मुकाट्याने पेन्सिल वापरली, ही गोष्ट घ्या. सभांमध्ये ती सांगणारा प्रत्येक जण "साधेपणा, दुसरे काय!" असे म्हणून टाळ्या घेतो. प्रत्यक्षात पेन्सिल दोघांनीही वापरली होती. किंबहुना 1965 मध्ये नासाने 34 यांत्रिक पेन्सिली नगाला 128.89 डॉलर दराने विकत घेतल्या, म्हणून अमेरिकेतच ओरड झाली होती. पण वजनरहित अवस्थेत पेन्सिलीचे तुटलेले टोक तरंगत राहते, ते डोळ्यांत किंवा उपकरणात जाऊ शकते, ग्राफाइटमधून वीज वाहते. शिवाय जानेवारी 1967 मध्ये अपोलो 1 च्या कुपीत आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडल्यानंतर आत नेल्या जाणाऱ्या प्रत्येक जळाऊ वस्तूकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दाबाखालच्या शाईचे ते पेन पॉल फिशर नावाच्या पेन उत्पादकाने स्वतःच्या खर्चाने तयार केले होते. नासाने तपासणीनंतर त्यातली 400 पेने विकत घेतली, आणि 1969 मध्ये सोव्हिएत संघानेही 100 घेतली. म्हणजे साधा उपाय आधीच करून झाला होता, त्यातला दोष कळला होता, आणि मग दोन्ही बाजूंनी सारखेच पेन घेतले गेले. ही हकीकत सांगून टाळी मिळत नाही. आमच्या संघातल्या एका निवृत्त अभियंत्यांना मात्र ती इतकी आवडली की त्यांनी मला ग्राफाइटची वीजवाहकता समजावण्यात पाऊण तास घालवला.

एडिसनच्या आईने शिक्षकांचे पत्र बदलून वाचल्याच्या कथेवर मी वेळ घालवत नाही. मुलाला मंदबुद्धी म्हटल्याने आईने त्याला शाळेतून काढून घरी शिकवले एवढा भाग पक्का आहे. ते पत्र कुणी तरी मागाहून लिहिले आहे.

गरुडाचे प्रकरण अवघड होते, कारण ती कथा आमच्याकडे नुसती वाचली जात नाही, पाळली जाते. गरुड 70 वर्षे जगतो, चाळिशीत त्याची चोच वाकते, नखे बोथट होतात, पिसे जड होतात, तेव्हा तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून पाडतो, नव्या चोचीने नखे उपटतो, नव्या नखांनी पिसे उपटतो आणि 150 दिवसांनी पुन्हा तरुण होऊन झेप घेतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्या एका मैत्रिणीने ही कथा छापून कपाटाला चिकटवली होती. तिला मी काय सांगणार, असे म्हणून मी बरेच दिवस टाळले. परंतु रानातला गरुड साधारणतः 20 ते 30 वर्षे जगतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडातला सर्वांत दीर्घायुषी म्हणून नोंदला गेलेला पक्षी, ज्याच्या पायात 1977 मध्ये कडे घातले होते, 2015 मध्ये 38 व्या वर्षी मेलेला सापडला. चोचीच्या आत हाड असते, वरचे कवच नखासारखे सतत वाढते आणि वापराने झिजते. ती मुळापासून तुटली तर पक्षी उपाशी मरतो. पाच महिने वाट पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

अखेरीस निमित्त झाले ते गच्चीवर पडलेल्या एका पिसाचे. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर घारी बसतात, आणि त्यांचे पीस अधूनमधून गच्चीवर सापडते. ते घेऊन मी तिच्याकडे गेले आणि सांगितले की घारही पिसे बदलते, गरुडही बदलतो, पण एकेक करून, आणि साधारणतः डाव्या पंखाचे गळले की उजव्याचेही तेच, म्हणजे तोल जात नाही. आणि या सगळ्या काळात ती उडत असते, शिकार करत असते, पोट भरत असते. मैत्रिणीने पीस उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे डोंगरावर उपाशी बसायची काही गरज नव्हती तर," ती म्हणाली. "आमच्या फिजिओथेरपीच्या पोरीने पहिल्या दिवशी हेच सांगितले होते. रोज थोडे." कपाटावरचा कागद तिने काढला नाही, पण पीस त्याच्याच शेजारी खोचले.

सगळ्याच गोष्टी खोट्या निघतात असे मात्र नाही. डॉ. कलाम यांच्या नावावर फिरणारी निम्मी वचने मी छापत नाही, परंतु 10 ऑगस्ट 1979 ची गोष्ट छापली, कारण ती ज्याच्यावर गुदरली त्यानेच अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. एस एल व्ही 3 या उपग्रहवाहक रॉकेटचे पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात पडले, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयश आपल्या शिरावर घेतले. 18 जुलै 1980 ला यश मिळाले तेव्हा पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलामांना पुढे केले. मोबाइलवर फिरणाऱ्या आवृत्तीत इतके असते. तिच्यातून गाळलेली ओळ अशी की पहिल्या उड्डाणापूर्वी संगणकाने उलटी गणती थांबवली होती, आणि तरी पुढे जाण्याचा निर्णय मोहीम संचालक या नात्याने खुद्द कलामांनी घेतला होता. ही ओळ परत घातली की धवन यांनी शिरावर नेमके काय घेतले हे कळते. सहकाऱ्यांच्या दुर्दैवाच्या वेळी पाठीशी उभे राहणे एकवेळ सोपे असते, त्यांच्या चुकलेल्या निर्णयाच्या वेळी नाही.

यंदा मार्चच्या अंकासाठी आनंदीबाई जोशी यांच्यावरचा मजकूर आला. "अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात हजारो स्त्रियांना जीवदान दिले," असे त्यात होते. ज्या शहरात आनंदीबाईंनी शेवटचा श्वास घेतला त्या शहरातल्या मासिकाने हे छापणे मला लाजिरवाणे वाटले. मार्च 1886 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती हे खरे, पण वर्षअखेरीस त्या परतल्या त्याच क्षयाने खंगून, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. एकाही दिवसाचा दवाखाना त्यांच्या वाट्याला आला नाही.

मग काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र, जे मृत्यूनंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झाले, ते मी पुन्हा काढले. जोडीला त्यांच्या पत्रांविषयीचे अलीकडचे संशोधन वाचले. त्यांचे पती गोपाळराव यांनी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या तो दृष्टीस पडला, तोही दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना. तिथून सुरू झालेल्या मैत्रीने आनंदीबाईंना अमेरिकेत घर मिळाले. शिकण्यासाठी हट्ट धरणारा नवरा हाच, आणि दहाव्या वर्षी लाकडाने मारणारा, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तके नि खुर्च्या फेकणाराही हाच, हे आनंदीबाईंनी त्यालाच लिहिलेल्या एका पत्रात आहे. मी हे सगळे दीड पानात बसवले. हजारो स्त्रियांचे वाक्य काढले, तेव्हा मजकूर पाठवणारे गृहस्थ रागावले. अशाने तरुण मुली काय प्रेरणा घेणार, असे त्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत विचारले. आमच्या मासिकाच्या वाचकांत तरुण मुली किती, हे मला विचारावेसे वाटले, पण चहा आला.

अंक वाटल्यावर दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. लेख आवडला, दंतवैद्याचा प्रसंग त्यांनी नातीला वाचून दाखवला होता. "फक्त एक, बाई. तुम्ही निधनाच्या वेळचे वय 22 असे छापले आहे. जन्म 31 मार्च 1865 चा. पूर्ण बावीस व्हायला महिनाभर बाकी होता. एकवीस हवे." एप्रिलच्या अंकात शेवटच्या पानावर बोधकथेच्या खाली तेवढे शुद्धिपत्र दिले आहे.