व्हेंटिलेटरवरचा पेशंट किती जोर लावतोय? एक्स्पिरेटरी होल्ड वापरून बघा

पेशंट प्रेशर सपोर्टवर आहे (म्हणजे त्याच्या प्रत्येक श्वासाला मशीन ठरावीक दाबाची मदत देतं), श्वासाचा रेट मिनिटाला 22, ऑक्सिजन सॅच्युरेशन 96, एकही अलार्म वाजत नाही. राउंडला एवढं बघून पुढच्या बेडकडे जायची पद्धत आहे. पण पेशंट स्वतः किती जोर लावून श्वास ओढतोय, हे यातला एकही आकडा सांगत नाही. त्यातही रेट सगळ्यात फसवा. जोर दुप्पट-तिप्पट झाला तरी तो बऱ्याचदा जागचा हलत नाही.

जोर जास्त असेल तर आधीच आजारी असलेलं फुफ्फुस आणखी ताणलं जातं. अगदीच नसेल तर डायफ्राम, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, वाळतो, आणि तेही फार लवकर. 2008 साली ब्रेन-डेड दात्यांवर झालेल्या एका अभ्यासात 18 ते 69 तास पूर्ण व्हेंटिलेशन झाल्यावर डायफ्रामच्या तंतूंचा छेद तुलनेच्या गटापेक्षा निम्म्याहून बारीक निघाला होता.

आधी हात लावून बघावं. मानेच्या स्टर्नोमास्टॉइड स्नायूवर दोन बोटं ठेवली की श्वास घेताना तो ताठ होतोय का ते कळतं. छातीच्या हाडावरचा खळगा आत ओढला जातोय का, श्वास सोडताना पोट आवळतंय का, हेही बघा. यातलं काही दिसलं तर जोर जास्तच आहे असं धरून चाला. काही दिसलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं मात्र नाही.

मग मशीनवरचं एक्स्पिरेटरी होल्डचं बटण. ते दाबलं की श्वास सोडून झाल्यावर मशीनच्या झडपा बंद राहतात. वेगळं साहित्य लागत नाही, म्हणून मला ही पद्धत सगळ्यात कामाची वाटते. पेशंट शांत असताना, खोकला किंवा सक्शन चालू नसताना, श्वास पूर्ण सोडून झाला की होल्ड दाबायचा. पेशंट बंद झडपेविरुद्ध पुढचा श्वास ओढू बघतो. फ्लोची रेघ शून्यावर राहते आणि प्रेशरची रेघ खाली बुडी मारते. एक बुडी पूर्ण झाली की बटण सोडा. दुसऱ्या श्वासापर्यंत धरून ठेवू नका, कारण कोंडल्यासारखं होऊन पेशंट प्रत्येक श्वासाला जास्त ओढतो आणि आकडा फुगतो. पेशंट जागा असेल तर 'मधे एकदा क्षणभर श्वास अडकल्यासारखं वाटेल' एवढं आधी सांगून ठेवावं, नेमकं कधी ते सांगू नये. स्क्रीन फ्रीझ करून कर्सरने खोली मोजा. मधे काही श्वास जाऊ देऊन असं तीनदा करा आणि सरासरी घ्या.

उदाहरण घेऊ (सगळे दाब सेंटिमीटर पाण्यात). पीप (श्वास सोडल्यावरही मशीन राखतं तो दाब) 8, सपोर्ट 10, म्हणजे पीक (श्वास घेतानाचा सर्वोच्च दाब) 18. होल्डमध्ये रेघ 8 वरून उणे 12 वर गेली, तर बुडी 20 ची. त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे साधारण 15, हा श्वासाच्या स्नायूंचा दाब. 5 ते 10 बरा, 15 जास्त. फुफ्फुसावरचा ताण काढायला मशीनचे 10 आणि बुडीचे दोन-तृतीयांश, म्हणजे 13, मिळवा. 23 झाले. 16-17 च्या वर गेलं की काळजी करायची. मशीन मात्र फक्त 18 चा पीक दाखवतंय आणि तो बघून कुणालाच काही वाटत नाही.

हे गुणक अंदाजी आहेत. 9 की 11 यावर वाद घालू नका. फार कमी आणि फार जास्त ओळखायला ते पुरतात.

आकडा चुकतो कुठे? नळीच्या कफला (श्वासनळीत ती घट्ट बसवणाऱ्या फुग्याला) किंवा सर्किटला लीक असेल तर बुडी उथळ येते. मास्कवरच्या एनआयव्हीत (नळी न घालता दिलेल्या व्हेंटिलेशनमध्ये) तर ही मोजणी करूच नये. सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजारात) ऑटो-पीप, म्हणजे पूर्ण न सुटलेल्या हवेचा अडकलेला दाब, असेल तर होल्डमध्ये रेघ आधी वर चढते आणि मग बुडते, त्यामुळे शून्यरेषा कुठली धरायची हाच घोळ होतो. आणि बुडी लहान आली म्हणजे पेशंट आरामात आहे असंही नाही. स्नायूच थकलेले किंवा दुबळे असू शकतात.

इथे पी-झिरो-पॉइंट-वन उपयोगी पडतो: बंद झडपेविरुद्ध पहिल्या 100 मिलिसेकंदांत पडलेला दाब. मेंदूकडून श्वासाची मागणी किती आहे ते त्यावरून कळतं. 1 च्या खाली कमी, 3.5-4 च्या वर जास्त. हा आकडा जास्त आणि बुडी लहान, तर स्नायू दुबळे असल्याचा संशय घ्या. काही व्हेंटिलेटर खरोखर झडप बंद न करता ट्रिगरच्या (पेशंटचा श्वास ओळखून मशीन मदत सुरू करतं त्या) क्षणावरून हा आकडा काढतात आणि तो कमी दाखवतात. आपलं मशीन कुठल्या जातीचं आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. दर श्वासाला आकडा हलतो, म्हणून इथेही तीन-चार वाचनांची सरासरी.

अन्ननलिकेतला दाब मोजणारा बलून अधिक नेमका, यात वाद नाही. पण तो महाग, आणि जागेवर बसला नाही तर काही उपयोग नाही. होल्डमध्ये अन्ननलिकेतला आणि श्वासनळीतला बदल जवळपास सारखा यायला हवा, गुणोत्तर 0.8 ते 1.2 च्या बाहेर असेल तर बलून सरकवा किंवा त्यातली हवा तपासा.

जोर जास्त निघाला की पहिला हात सेडेशनच्या पंपाकडे जातो. त्याआधी ताप, वेदना, अ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं), तुंबलेलं मूत्राशय, नळीत साठलेला स्राव बघा. मग सपोर्ट 2-2 ने वाढवून पुन्हा मोजा, आणि टायडल व्हॉल्यूमवर (एका श्वासात जाणाऱ्या हवेवर) नजर ठेवा. तरीही सेडेशन लागलंच तर एक फरक लक्षात असू द्या: फेंटानिलसारख्या ओपिऑइडने मुख्यतः रेट उतरतो, प्रोपोफॉलने श्वासाचा जोर. पेशंट गाढ झोपलेला दिसतोय म्हणून जोर कमी झाला असं समजू नका, होल्ड पुन्हा करा. बुडी 5 च्याही खाली असेल आणि पेशंट दुबळा नसेल, तर उलटं: सपोर्ट किंवा सेडेशन कमी करा आणि अर्ध्या तासाने परत मोजा.