आबांचा लॅपटॉप आणि ओ न देणारी चिप

आबांचा लॅपटॉप पेंटियम एम ह्या इंटेलच्या जुन्या प्रोसेसर चिपचा. एक जीबी रॅम, आत विंडोज एक्सपी. गुऱ्हाळाचा हिशेब त्याच्यावरच. नवीन घेऊया म्हटलं तर म्हणतात, "ह्याचा कीबोर्ड हाताला बसलाय, ऱ्हाऊ दे." राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं तर झाकण न उघडताच भंगाराचा भाव सांगितला. तिथंच डोकं फिरलं. म्हटलं, विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम घालूनच दाखवतो.

६४ बिटवालं ह्या चिपवर चालतच नाही, म्हणून एमएक्स लिनक्स ह्या लिनक्सच्या एका प्रकाराची ३२ बिटवाली, हलक्या फ्लक्सबॉक्स डेस्कटॉपची आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली. मशीन चालू केलं. काळा पडदा आणि दोन ओळी: प्रोसेसरमध्ये पीएई नाही, सुरू करता येत नाही. पेनड्राइव्ह बदलला, फाइल परत उतरवली, रॅमची पट्टी काढून खोडरबरानं पुसली. तेच! दोन संध्याकाळी ह्यात गेल्या.

पीएई म्हणजे ३२ बिट प्रोसेसरला चार जीबीपुढची मेमरी वापरू देणारी सोय. इथं रॅम एक जीबी, आणि अडलंय कशावर बघा! वर कहर म्हणजे २००३ च्या सुमाराच्या पेंटियम एममध्ये ही सोय असते, चिप फक्त तसं सांगत नाही. माणूस घरात आहे, पण हाकेला ओ देत नाही. त्यावर उपाय एका शब्दाचा. सुरुवातीच्या मेनूत बूट पर्यायांच्या ओळीत 'फोर्स' आणि 'पीएई' जोडून, इंग्रजी लहान लिपीत, मधे जागा न सोडता टाइप करायचं. टाकलं, आणि सुरू झालं की!

इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं, परत त्याच दोन ओळी. शब्द पेनड्राइव्हला सांगितलेला, हार्डडिस्कला कुठं? ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम; त्याच्या मेनूत 'ई' दाबून, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तोच शब्द लिहून कंट्रोल-एक्स दाबा. आत गेल्यावर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीतही घाला आणि अपडेट-ग्रब ही कमांड चालवा, नाहीतर रोज हेच.

अँटीएक्स ह्या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचं ३२ बिट कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, पीएई मागतच नाही, हे मला नंतर कळलं. तुम्ही तेच घ्या.

आणि हो, हिशेबाच्या फाइली आधी बाहेर काढून ठेवा. आतली घड्याळाची छोटी बॅटरी मेल्यानं घड्याळ मागं पडलं असेल तर तेही लावा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची कुरकुर करतो.

ग्न्युमेरिक ह्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये आबांची एक्सेल फाइल उघडून दिली. चष्मा वर सारून बघितलं, म्हणाले, "अक्षर बारीक झालंय."