अणुभट्टी शेजाऱ्याची, निर्णय कोणाचा?

२८ एप्रिल १९८६ रोजी सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सारी धूळ आढळली, तेव्हा गळती आपल्याच केंद्रात झाली असावी, असा तिथल्या लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात ती धूळ सुमारे अकराशे किलोमीटरवरील चेर्नोबिलहून वाऱ्याबरोबर आली होती, आणि स्फोटाला दोन दिवस उलटूनही सोव्हिएत सरकारने शेजाऱ्यांना त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला व्हिएन्नात दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले, एक अपघाताची सूचना तातडीने देण्याचा आणि दुसरा परस्परांना मदत करण्याचा. इतकी लगबग आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अंगवळणी पडलेली नाही.

तरीही सीमेलगतच्या अणुअपघाताला शेजारी देशांनी मिळून तोंड देण्याच्या कामात कळवणे हा सोपा भाग आहे, असे माझे मत आहे. फ्रान्समधील कात्नोम केंद्राचेच पाहा. चार अणुभट्ट्यांचे हे केंद्र मोझेल नदीकाठी, लक्झेंबर्ग आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या सीमांपासून जवळ आहे. लोकांना घरातच थांबवायचे की गाव रिकामे करायचे, हे फ्रान्समध्ये सरकारने नेमलेला प्रीफे हा अधिकारी ठरवतो, लक्झेंबर्गमध्ये ते राष्ट्रीय सरकारच्या हाती असते, तर जर्मनीत आपत्ती निवारण हा राज्यांचा विषय आहे. म्हणजे प्रीफेला पलीकडे तंतोतंत आपल्यासारखा अधिकारी सापडतच नाही. कोणी कोणाला दूरध्वनी करायचा हे आधीच ठरलेले नसेल, तर मोलाचा पहिला तास माणूस शोधण्यातच जाईल.

त्याहून मोठी अडचण सल्ल्यातील तफावतीची आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या वेळी जपानने २० किलोमीटरच्या आतील लोकांना हलवले, तर अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जाण्यास सांगितले. दोघांकडेही आपापली कारणे होती. पण दोन्ही आकडे ऐकणाऱ्या सामान्य माणसाला त्या कारणांशी काय कर्तव्य? हेच नदीच्या दोन काठांवर घडले, तर लोक दोन्हीकडच्या सरकारांवरचा विश्वास गमावतील.

युरोपातील अणुसुरक्षा आणि किरणोत्सार-संरक्षण नियामकांच्या हेर्का आणि वेन्रा या दोन संघटनांनी २०१४ मध्ये यावर जो तोडगा सुचवला, तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पहिल्या काही तासांत, नेमके काय घडले हे कोणालाच पुरते ठाऊक नसताना, शेजारी देशांनी स्वतंत्र हिशेब मांडत न बसता अपघातग्रस्त देशाने योजलेले उपायच आपल्या हद्दीत लागू करावेत. त्यासाठी सर्वांची किमान तयारी सारखी हवी: ५ किलोमीटरपर्यंत स्थलांतर, तर २० किलोमीटरपर्यंत घरात आसरा आणि आयोडीनच्या गोळ्या. परिस्थिती चिघळल्यास ही अंतरे अनुक्रमे २० आणि १०० किलोमीटरपर्यंत वाढवता यावीत, हेही त्यात आहे.

गोळ्यांच्या बाबतीत घाई अपरिहार्य असते, कारण किरणोत्सारी आयोडीन शरीरात शिरण्याच्या थोडे आधी किंवा त्याच सुमारास गोळी घेतली तरच थायरॉइड ग्रंथीला तिचा पुरेसा उपयोग होतो. म्हणूनच बेल्जियममधील टिआंज केंद्राच्या धास्तीने जर्मनीतील आखेन शहराने २०१७ मध्ये या गोळ्या नागरिकांना आगाऊच वाटल्या. पण घरात गोळी असली तरी ती केव्हा घ्यायची, ही सूचना सीमेपलीकडून वेळेत यावीच लागते. त्यामुळे सीमेलगतच्या अणुअपघाताला तोंड देण्याच्या सरावांचे अहवाल वाचताना किती रुग्णवाहिका धावल्या याकडे माझे फारसे लक्ष जात नाही. पलीकडच्या गावाला संदेश किती वाजता पोहोचला आणि तो कोणत्या भाषेत होता, हे मी आधी शोधतो.